देश विकला गेला, भाषा गेली, पण टेकडीवरचं चर्च राहिलं : अलास्कातल्या निनिल्चिक गावाची गोष्ट

समजा, उद्या सकाळी तुम्हाला कळलं की तुमचं गाव ज्या देशात होतं, तो देशच आता बदललाय. घर तेच, अंगण तेच, शेजारी तेच. पण वर झेंडा दुसरा, कायदा दुसरा आणि सरकारची भाषाही दुसरी. आणि हा निर्णय घेताना तुम्हाला कुणी विचारलंसुद्धा नाही.

ही कल्पना नाही. १८६७ साली अलास्काच्या किनाऱ्यावरच्या निनिल्चिक नावाच्या एका छोट्याशा गावासोबत अगदी असंच घडलं. रशियन बोलणारी, रशियन पद्धतीने प्रार्थना करणारी ही माणसं एका करारामुळे अमेरिकेत जाऊन पडली, तीही घरातून एक पाऊल न हलवता.

त्यानंतरच्या दीडशे वर्षांत या गावाने बरंच काही गमावलं. पण समुद्राकडे तोंड करून उभं असलेलं एक पांढरंशुभ्र लाकडी चर्च मात्र अजून तिथेच आहे. त्याच्या पाच सोनेरी घुमटांकडे पाहिलं की पर्यटक गाडी थांबवतात, फोटो काढतात आणि पुढे जातात. आज आपण त्या फोटोच्या मागची गोष्ट वाचूया.

कुठे आहे हे गाव?

अमेरिकेच्या नकाशात अलास्का हे राज्य बाकी देशापासून तुटलेलं, पार वर डावीकडे दिसतं. मधे अख्खा कॅनडा पडतो. हे राज्य केवढं मोठं? आपल्या भारताच्या निम्म्याहून थोडं जास्तच! आणि पलीकडे बेरिंगची सामुद्रधुनी ओलांडली की थेट रशिया.

अलास्काच्या दक्षिणेला केनाई नावाचं द्वीपकल्प आहे. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर, निनिल्चिक नदी समुद्राला मिळते तिथे हे गाव वसलंय. समोरच्या खाडीला कॅप्टन जेम्स कुक यांचं नाव आहे, कारण १७७८ साली ते आपली जहाजं घेऊन इथे आले होते. खाडीच्या पलीकडे बर्फाने झाकलेले रिडाउट आणि इलियाम्ना हे दोन ज्वालामुखी दिसतात. दोघांचीही उंची ३,००० मीटरच्या वर. आजची गावाची लोकसंख्या साधारण साडेआठशे.

गावाचं नाव ना रशियन, ना इंग्रजी. ते आलंय देनाइना या इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून. म्हणजे रशियन येण्याच्या कितीतरी आधीपासून ही जागा कुणाच्या तरी ओळखीची होती, हे नावातच लिहिलेलं आहे.

रशियन इतक्या लांब आले कशाला?

उत्तर एका शब्दात सांगायचं तर, कातडी. इथल्या समुद्रात राहणाऱ्या पाणमांजरांची मऊ, दाट फर चीनच्या बाजारात सोन्याच्या भावाने विकली जायची. १७४१ साली बेरिंग यांची मोहीम अलास्कापर्यंत पोहोचली आणि त्यामागोमाग फरचे व्यापारी आले. १७८४ साली कोडियाक बेटावर त्यांची पहिली कायमची वसाहत झाली. १७९९ साली झार पहिला पॉल याने 'रशियन-अमेरिकन कंपनी'ला सनद दिली. आपल्याकडे ईस्ट इंडिया कंपनीने जे केलं, तसंच काहीसं. व्यापार कंपनीचा, राज्यही कंपनीचंच.

या काळाची दुसरी बाजू फार कडवट आहे. पाणमांजरांची शिकार करण्यात पटाईत होते ते अल्युत आणि अलुतिक हे स्थानिक लोक. त्यांना अक्षरशः वेठीला धरून शिकारीला नेलं जायचं. त्यात बाहेरून आलेले रोग. १८३० च्या दशकाच्या शेवटी देवीच्या साथीने गावंच्या गावं ओस पाडली.

१७९४ साली कोडियाकला काही ऑर्थोडॉक्स साधू आले. त्यातल्या हर्मन नावाच्या साधूने कंपनीच्या अत्याचारांविरुद्ध स्थानिकांची बाजू घेतली. पुढे १९७० साली त्यांना संतपद मिळालं. १८२४ साली आलेले धर्मगुरू इव्हान वेनियामिनॉव्ह यांनी तर स्थानिक मुखियाच्या मदतीने अल्युत भाषेसाठी लिपी तयार केली. इथल्या मूळ रहिवाशांपैकी अनेकांनी हा धर्म आपला मानला, त्यामागे अशा माणसांचाही वाटा आहे.

आधी 'ऑर्थोडॉक्स' म्हणजे काय ते समजून घेऊ

इंग्रजीत 'ऑर्थोडॉक्स' हा शब्द आपण 'जुन्या वळणाचा' या अर्थाने वापरतो. इथे मात्र ते ख्रिस्ती धर्मातल्या एका मोठ्या परंपरेचं नाव आहे. रोमचे पोप ज्यांचे प्रमुख, ते कॅथलिक. पूर्व युरोपात, म्हणजे ग्रीस, रशिया, सर्बिया, रुमानिया या भागात वाढलेली परंपरा ती ऑर्थोडॉक्स. आपल्या केरळमध्येही मलंकरा ऑर्थोडॉक्स चर्च आहे. नाव सारखं असलं तरी ती शाखा वेगळी, आणि तिची मुळं थेट भारतात फार जुनी आहेत.

रशियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये गेलात तर पुतळे सहसा दिसणार नाहीत. त्याऐवजी लाकडावर रंगवलेली येशूची, मेरीची आणि संतांची चित्रं असतात. त्यांना आयकॉन म्हणतात. भाविक त्यांच्यापुढे मेणबत्ती लावतात, वाकून नमस्कार करतात. धूप असतो, घंटा असतात, आणि गाणं असतं ते वाद्यांशिवाय, नुसत्या गळ्यातून. हे वाचताना तुम्हाला आपलं देऊळ आठवलं तर त्यात नवल नाही.

निवृत्त नोकरांचं गाव

आता परत निनिल्चिककडे येऊ. कंपनीच्या नोकरीत म्हातारे झालेल्या माणसांचा एक प्रश्न होता. हे रशियातून तरुणपणी आलेले सुतार, लोहार, खलाशी. त्यांनी इथल्याच बायकांशी लग्नं केली होती, मुलंबाळं झाली होती. नोकरी संपल्यावर जायचं कुठे? हजारो मैल दूरच्या रशियात बायकोमुलांना घेऊन जाणं जवळपास अशक्य. आणि गेले तरी तिथे त्यांना ओळखणारं कोण होतं?

मग अशा निवृत्तांना अलास्कातच जमीन देऊन वसवण्याची परवानगी मिळाली. कंपनीने त्यांना घर बांधायला, शेती सुरू करायला मदत करायची, असं ठरलं. केनाई द्वीपकल्पाचा किनारा त्यासाठी बरा वाटला. थंडी थोडी कमी, नदीत मासे भरपूर, लाकूड हाताशी.

१८४७ साली ग्रिगोरी क्वास्निकॉफ हा रशियन माणूस आपली बायको माव्रा हिला आणि मुलांना घेऊन निनिल्चिकला राहायला आला. गावाची सुरुवात इथून धरतात. माव्राचे वडील रशियन, आई अलुतिक. आईचं बाप्तिस्म्यानंतरचं नाव अग्राफेना. पुढे ओस्कोल्कोफ आणि इतर घराणी आली, आपापसात लग्नं झाली आणि अख्खं गावच एकमेकांचं नातेवाईक बनलं.

या जुन्या घराण्यांची वंशावळ सांगणारं एक पुस्तक आहे. त्याच्या नावाचा अर्थ होतो 'अग्राफेनाची लेकरं'. पहा ना, आडनावं सगळी रशियन पुरुषांची. पण गावाने स्वतःच्या कुळाला नाव दिलं ते एका स्थानिक आजीचं.

अशा मिश्र घरातल्या मुलांना रशियन कायद्यात 'क्रिओल' म्हणत. निनिल्चिकच्या या मुलांची घरची भाषा रशियन होती. ते बटाटे, कोबी लावायचे, गाईगुरं पाळायचे, नदीवर सॅमन मासे पकडायचे आणि ते वाळवून, धुरावर भाजून हिवाळ्यासाठी साठवायचे.

सगळं विकलं, चर्च सोडून

१८६० च्या दशकापर्यंत पाणमांजरं जवळजवळ संपली होती. क्रिमियाच्या युद्धात रशियाचा खजिना रिकामा झाला होता. इतका लांबचा प्रदेश सांभाळणं परवडेना. ३० मार्च १८६७ रोजी करार झाला आणि ७२ लाख डॉलरना अलास्का अमेरिकेला विकला गेला. हिशेब केला तर एका एकरला दोन सेंट!

१८ ऑक्टोबर १८६७ रोजी सिटका इथे रशियाचा झेंडा उतरला आणि अमेरिकेचा चढला. गंमत म्हणजे त्या दिवशी अलास्कात कॅलेंडरही बदललं. रशियन लोक जुनं ज्युलियन कॅलेंडर वापरायचे, अमेरिकन नवं. शिवाय आंतरराष्ट्रीय वाररेषाही सरकली. त्यामुळे तारखेने एकदम पुढे उडी मारली, आणि वार मात्र लागोपाठ दोनदा शुक्रवारच आला.

करारात रहिवाशांसाठी एक कलम होतं. तीन वर्षांत रशियाला परत जा किंवा अमेरिकेचे नागरिक म्हणून राहा. पण ज्यांना करारात 'असंस्कृत' म्हटलं होतं त्या मूळ जमातींना हे हक्क नव्हते. मग आई अलुतिक, बाप रशियन अशा निनिल्चिकच्या माणसांनी स्वतःला कुठल्या रांगेत उभं करायचं? करारात याचं सरळ उत्तर नव्हतं.

त्याच करारात आणखी एक कलम होतं, आणि आपल्या गोष्टीसाठी ते सर्वात महत्त्वाचं आहे. किल्ले, गोदामं, सरकारी इमारती, मोकळ्या जमिनी, सगळं अमेरिकेकडे गेलं. पण रशियन सरकारने बांधलेली चर्च मात्र तिथे प्रार्थना करणाऱ्या स्थानिक ऑर्थोडॉक्स लोकांच्याच मालकीची राहतील, असं ठरलं.

म्हणजे सम्राट गेला, कंपनी गेली, जहाजं यायची थांबली. लोकांच्या हातात उरलं ते चर्च.

१९०१ : टेकडीवरची पाच घुमटं

गावात प्रार्थनेसाठी साधी इमारत आधीपासून होती. आज जे चर्च आपण पाहतो ते १९०१ सालचं. म्हणजे अलास्का अमेरिकेचा होऊन ३४ वर्षं झाल्यानंतरचं! रशियाचा काहीही अधिकार उरला नसताना, शे-दीडशे माणसांच्याही आत-बाहेर असलेल्या गावाने हे चर्च बांधलं. त्याची रचना ओस्कोल्कोफ घराण्यातल्याच एका माणसाची. त्या काळात अलास्काचे बिशप होते तिखोन, जे पुढे १९१७ साली मॉस्कोत संपूर्ण रशियन चर्चचे प्रमुख झाले.

चर्चचं पूर्ण नाव फार सुंदर आहे. 'प्रभूच्या दिव्य रूपांतराचं चर्च'. बायबलमधल्या कथेनुसार येशू आपल्या तीन शिष्यांना घेऊन एका डोंगरावर गेले आणि तिथे त्यांचा चेहरा सूर्यासारखा उजळला. डोंगरावरच्या प्रकाशाची ही कथा, आणि तिच्या नावाचं चर्चही समुद्रावरच्या उंच कड्यावर. मासेमारीहून परतणाऱ्या होडीला गावाआधी तेच दिसणार.

चर्च पाहताना या गोष्टी जरूर लक्षात घ्या.

घुमट : कांद्याच्या आकाराचे पाच घुमट. मधला येशूचं प्रतीक, बाजूचे चार म्हणजे बायबलमधली चार शुभवर्तमानं लिहिणारे संत. या निमुळत्या आकारावर बर्फ साचून राहत नाही, असाही एक फायदा सांगितला जातो.

क्रूस : नेहमीच्या क्रूसाला एक आडवी पट्टी असते, इथे तीन असतात. वरची छोटी पट्टी म्हणजे येशूच्या डोक्यावर लावलेली पाटी, मधली हातांसाठी, आणि खालची तिरपी पायांसाठी.

दफनभूमी : चर्चला लागूनच गावाची दफनभूमी आहे. तिथेही तेच तीन पट्ट्यांचे पांढरे क्रूस. उन्हाळ्यात त्यांच्यामध्ये गुलाबी-जांभळी रानफुलं उगवतात. क्रूसांवरची आडनावं वाचली की गावाचा इतिहास वेगळा वाचावा लागत नाही.

१९७८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत या चर्चची नोंद झाली.

धर्मगुरू नाही, तरी प्रार्थना चालू

एवढ्याशा गावाला कायमचा धर्मगुरू मिळणं कठीण होतं. जवळचं मोठं चर्च केनाईला, साधारण ६० किलोमीटरवर. आज हे अंतर गाडीने तासाभराचं, पण तेव्हा रस्ताच नव्हता. धर्मगुरू यायचे ते होडीने किंवा किनाऱ्याकिनाऱ्याने, हवामान बरं असेल तेव्हाच. आले की साठलेले सगळे विधी उरकायचे. बाप्तिस्मे, लग्नं, मृतांसाठीच्या प्रार्थना.

मग बाकीचे दिवस? अलास्काच्या लहान गावांनी यावर साधा उपाय काढला होता. गावातल्याच एखाद्या वाचता येणाऱ्या माणसाने प्रार्थना वाचायची, बाकीच्यांनी गायचं. मुलं हे ऐकत ऐकत मोठी व्हायची. प्रार्थनेची भाषा जुनी स्लाव्होनिक. आपल्याकडे संस्कृत मंत्रांचं जसं होतं तसंच. प्रत्येक शब्दाचा अर्थ कळायलाच हवा असं नाही, पण चाल आणि क्रम अंगात मुरलेला.

सणवारही असेच टिकले. अलास्कातल्या ऑर्थोडॉक्स लोकांचा ख्रिसमस आजही जुन्या कॅलेंडरप्रमाणे ७ जानेवारीला असतो. काठीवर बसवलेला रंगीत तारा फिरवत, गाणी म्हणत लोक घरोघर जातात आणि प्रत्येक घरी खाणं-पिणं होतं. ईस्टरला कुलिच नावाचा उंच, गोड पाव आणि रंगवलेली अंडी. आणि हो, अलास्काच्या किनाऱ्यावर 'पेरोक' नावाचा एक पदार्थ अजून घरोघरी होतो. पिठाच्या पारीत सॅमन मासा, भात आणि कोबी भरून भाजलेला. रेसिपी रशियन, मासा अलास्काचा!

साबण लावून धुतलेली भाषा

आता या गोष्टीतला सर्वात दुखरा भाग.

चर्च कराराने वाचलं. भाषेसाठी मात्र करारात एकही ओळ नव्हती. १८८५ पासून अलास्काच्या शिक्षणाची सूत्रं शेल्डन जॅक्सन यांच्याकडे आली. धोरण स्पष्ट होतं, शाळेत फक्त इंग्रजी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निनिल्चिकमध्येही अमेरिकी शाळेचं राज्य सुरू झालं. चर्चच्या रशियन शाळांना रशियातून पैसा यायचा, तोही १९१७ च्या क्रांतीनंतर आटला.

शाळेत रशियन बोललं की शिक्षा. तोंड साबणाने धुवायची शिक्षा होत असे, हे गावातल्या वृद्धांनी पुढे अभ्यासकांना सांगितलं. मुलं मोठी झाली, त्यांना मुलं झाली. आपण जे सोसलं ते लेकरांच्या वाट्याला नको, म्हणून ते आपल्या मुलांशी इंग्रजीत बोलू लागले. कुणी भाषा टाकून दिली असं म्हणणं सोपं आहे. पण इथे आईवडिलांनी मायेपोटीच ती पुढे दिली नाही.

१९९७ साली रशियाहून आंद्रेय किब्रिक आणि मीरा बर्गेलसन हे दोन भाषातज्ज्ञ निनिल्चिकला आले. त्यांना जे ऐकायला मिळालं ते थक्क करणारं होतं. दीडशे वर्षांपूर्वीची रशियन, जिच्यापर्यंत ना क्रांती पोहोचली होती, ना सोव्हिएत काळातले शब्द. वर इथल्या मूळ भाषांमधून आणि इंग्रजीतून घेतलेले शब्द. ती बोलणारे मात्र मोजकेच आणि सगळे वृद्ध. या तज्ज्ञांनी, आणि निनिल्चिकमध्येच वाढलेले भाषाअभ्यासक वेन लेमन यांनी गावकऱ्यांसोबत बसून शब्द गोळा केले, उच्चार ध्वनिमुद्रित केले आणि त्यातून शब्दकोश तयार झाला.

या बोलीची एक गंमत मराठी वाचकाला लगेच कळेल. मराठीसारखीच रशियनमध्येही तीन लिंगं असतात. निनिल्चिकच्या रशियनमध्ये नपुंसकलिंग जवळजवळ नाहीसं झालं आणि स्त्रीलिंगही डळमळीत झालं. म्हणजे आपल्याकडे कुणी 'माझं घर'ऐवजी 'माझा घर' आणि 'माझी पिशवी'ऐवजी 'माझा पिशवी' म्हणावं, तसं. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या आपल्या मुलांच्या तोंडून असं मराठी तुम्हीही ऐकलं असेल. आपण हसतो, चुका काढतो. भाषातज्ज्ञ मात्र निनिल्चिकला हसले नाहीत. त्यांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

आणि शब्द किती दूर जातात ते पाहा. रशियनमध्ये चहाला 'चाय' म्हणतात आणि साखरेला चक्क 'साखर'! हा शब्द मुळात आपल्या संस्कृत 'शर्करा'पासून निघून ग्रीकमार्गे रशियात पोहोचलेला. तिथून तो कंपनीच्या जहाजांतून अलास्कात गेला आणि अलुतिक लोकांच्या भाषेतही रुजला. आपल्या स्वयंपाकघरातला डबा तिथल्या फळीवर!

रस्ता आला, जमीन खचली

१९५० साली स्टर्लिंग हायवे निनिल्चिकवरून गेला. तोवर बाहेरच्या जगाशी संबंध मुख्यतः समुद्रातून. रस्ता आला तशी नवी वस्ती वर, हायवेच्या बाजूला वाढली. नदीच्या मुखाजवळची ओंडक्यांची जुनी घरं खाली राहिली. आता त्या भागाला 'जुनं गाव' म्हणतात.

२७ मार्च १९६४. संध्याकाळची वेळ. अलास्काची जमीन हादरू लागली आणि जवळपास साडेचार मिनिटं हादरतच राहिली. ९.२ तीव्रतेचा हा भूकंप, अमेरिकेत नोंदला गेलेला आजवरचा सर्वात मोठा. निनिल्चिकची जमीन सुमारे तीन फूट खचली. खाली, पाण्याच्या कडेला असलेल्या गावासाठी तीन फूट म्हणजे खूप झाले. टेकडीवरचं चर्च मात्र उभं राहिलं.

मग हे लोक नेमके कोण?

रशियन? अमेरिकन? की अलास्काचे मूळ रहिवासी? १९७१ साली अमेरिकेने मूळ रहिवाशांच्या जमिनीच्या हक्कांसाठी कायदा केला, तेव्हा निनिल्चिकच्या या घराण्यांची नोंद मूळ रहिवासी म्हणून झाली. आज गावाची स्वतःची पारंपरिक परिषद आहे. मासेमारी आणि शिकारीच्या पिढीजात हक्कांसाठी ती कोर्टातही लढली आहे. गावाशी नातं असलेले लोरेन लेमन २००२ साली अलास्काचे लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून निवडून आले.

म्हणजे आडनाव रशियन, नागरिकत्व अमेरिकन, हक्क अलुतिक आजीकडून आलेले आणि गावाचं नाव देनाइना. यातलं एकही खोटं नाही. एक निवडून बाकीचे सोडावेत, असं या लोकांना वाटलं नाही.

कधी जायचं झालंच तर

* अँकरेज शहरापर्यंत विमानाने आणि तिथून गाडीने साधारण ३०० किलोमीटर. डोंगर, खाडी आणि जंगलातून जाणारा हा रस्ता अलास्कातल्या सुंदर रस्त्यांपैकी एक.
* जून ते ऑगस्ट हे महिने उत्तम. रात्री उशिरापर्यंत उजेड असतो आणि हवा स्वच्छ असेल तर समोरचे ज्वालामुखी स्पष्ट दिसतात.
* हायवेवरून चर्च दिसतं, पण खाली जुन्या गावात उतरून वर पाहा. ते तिथे का बांधलं, हे तेव्हाच समजतं.
* चर्च आजही प्रार्थनेचं ठिकाण आहे आणि दफनभूमीत गावकऱ्यांचे आजी-आजोबा आहेत. कुंपणाच्या आत गेलात तर थडग्यांवरून चालू नका, आणि प्रार्थना चालू असेल तर आधी विचारूनच फोटो काढा.
* याच भागात निकोलाएव्स्क नावाचं आणखी एक रशियन गाव आहे. ते १९६८ साली आलेल्या वेगळ्या पंथाच्या रशियन लोकांनी वसवलं. दोन्ही गावांची गल्लत करू नका.

दोन गोष्टी, दोन नशिबं

निनिल्चिककडे जपण्यासारख्या दोन मोठ्या गोष्टी होत्या. एक चर्च, एक भाषा. चर्चला कराराचं संरक्षण मिळालं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याची जबाबदारी गावाने स्वतःच्या अंगावर घेतली. सुतार गावातला, प्रार्थना वाचणारा गावातला, दर काही वर्षांनी रंगाचा हात मारणाराही गावातलाच. लाकडाचं घर त्या वाऱ्या-बर्फात असंच शंभर वर्षं टिकत नाही.

भाषेला असा रंग देणारं कुणी उरलं नाही. ती बोलण्याची लाज वाटायला लावली गेली आणि दोन पिढ्यांत ती घरातून निघून गेली. आता तिचा शब्दकोश आहे, ध्वनिमुद्रणं आहेत. पण अंगणात भांडणारी, रुसणारी, आजीला हाक मारणारी मुलं त्या भाषेत नाहीत.

हा लेख तुम्ही मराठीत वाचताय. कदाचित इंदूरमध्ये, हैदराबादमध्ये, बंगळुरूत किंवा आणखी कुठे, जिथे दाराबाहेरची भाषा वेगळी आहे. तुमच्या घरात मुलं 'माझा पिशवी' म्हणत असतील तर म्हणू द्या. निदान ती म्हणतायत. जेवताना दोन वाक्यं, झोपताना एक गोष्ट, फोनवर आजीशी पाच मिनिटं. रंगाचा एक हात म्हणजे इतकंच.

आज घरी कुणी लहान असेल तर त्यांना विचारा, रशियात साखरेला काय म्हणतात? उत्तर ऐकून त्यांचा चेहरा बघा. आणि मग शर्करेपासून निनिल्चिकपर्यंतची ही गोष्ट त्यांना सांगा. अर्थातच मराठीत.